चिमट्यांचीं माणसें, फेल्टचा पोशाख

दोरीवर घातलेला कपडा वाऱ्यानें उडूं नये, एवढेंच लांकडी चिमट्याचें काम. त्यानें इतिहास सांगावा अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. परंतु अमेरिकेंत, विशेषतः ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रांतांत, कित्येक पिढ्यांनीं या चिमट्यांना फेल्टचे कपडे चढवून त्यांचीं चार इंच उंचीचीं माणसें केलीं आहेत. नोव्हेंबरांतील थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला कीं शाळेच्या बाकांवर आणि जेवणाच्या मेजांवर हीं माणसें उभीं राहतात : काळ्या डगल्याचा आणि उंच हॅटवर मोठें बकल मिरविणारा पुरुष, पांढऱ्या टोपीची बाई, आणि शेजारीं पिसांचा भला मोठा मुकुट घातलेला तद्देशीय मनुष्य. सन १६२१ च्या शरद् ऋतूंत मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथें झालेल्या मेजवानीचें हें चित्र. चित्र गोड आहे; आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तु चुकीची आहे.

म्हणून या बाहुल्या कशा कराव्या हें सांगतांना दोन गोष्टी बरोबरच सांगाव्या लागतात : चिमटा आणि फेल्ट यांच्या अंगच्या खोड्या कोणत्या, आणि ज्या माणसांचे हे पुतळे, त्यांच्या अंगावर खरोखर काय होतें. रेडिओवरून नमुन्याचा कागद दाखवितां येत नाहीं. मापें शब्दांतूनच द्यावीं लागतात. सुदैवानें तीं थोडीं आहेत.

मेफ्लॉवर जहाज १०२ उतारू घेऊन नोव्हेंबर १६२० मध्यें केप कॉडच्या टोंकाशीं नांगरून पडलें. तेव्हांच्या पंचांगाप्रमाणें त्या महिन्याच्या १३ तारखेस, सोमवारीं, बायका प्रथम किनाऱ्यावर उतरल्या त्या धुणें धुण्यासाठीं. ६६ दिवसांच्या समुद्रप्रवासांत सांचलेलें धुणें तें! पण त्याला चिमटा लागला नसावा. त्या काळच्या इंग्लंडांत ओले कपडे बहुधा कुंपणावर, झुडपांवर किंवा गवतावर पसरून वाळवीत. ज्या चिमट्याला आज पिल्ग्रिम बाईचें सोंग देतात, तो त्या बाईनें कधीं पाहिलाही नसेल.

चिमटा आला तो फार पुढें. एकाच लांकडाचा, गोल माथ्याचा, खालीं फट पाडलेला चिमटा एकोणिसाव्या शतकांत मॅपल, बर्च आणि बीच यांच्या लांकडांतून यंत्रावर कातून निघूं लागला. १८५३ सालीं व्हर्मांटमधील स्प्रिंगफील्ड येथील डी. एम. स्मिथ यांनीं दोन पट्ट्या आणि स्प्रिंग यांच्या चिमट्याचें पेटंट घेतलें. आज घरोघर दिसतो तो त्याच वंशाचा. व्हर्मांटची राजधानी माँटपिलियर हें पुढें चिमट्यांचें गांव होऊन बसलें, आणि तेथील कारखान्यानें २००९ सालीं आपलें काम थांबविलें. दरम्यान स्प्रिंगवाल्यानें जुन्या एकसंध चिमट्याचें दोरीवरचें काम केव्हांच काढून घेतलें होतें. तो मग हस्तकलेच्या दुकानांत जाऊन बसला. बाहुलीसाठीं हवा तो हाच.

त्याच्या रूपांतच अर्धें माणूस आहे. वरचा गोळा हें डोकें, त्याखालची बारीक खांच ही मान, मग सरळ धड, आणि फटीमुळें झालेले दोन पाय. हात मात्र नाहींत, आणि कंबरही नाहीं. आपल्याकडील जुन्या लांकडी ठकीशीं त्याचें जवळचें नातें लागेल. फरक एवढाच कीं ठकीचें नाक, डोळे, लुगडें हें सारें रंगानेंच अंगावर चढलेलें असतें, तर चिमटा अगदीं कोरा असतो. त्याला स्त्री करावयाचें कीं पुरुष, सतराव्या शतकांत पाठवावयाचें कीं एकोणिसाव्या, हें सर्वस्वीं कपड्यावर अवलंबून. लांकडाच्या बाहुलीला व्यक्तित्व देणारा शिंपी हाच तिचा खरा कर्ता, ही गोष्ट इंग्लंडच्या राजकन्या व्हिक्टोरियेला लहानपणींच उमगली होती. १८३० नंतरच्या दोनतीन वर्षांत तिनें आणि तिच्या शिक्षिकेनें मिळून १३२ लहान लांकडी बाहुल्यांना पोशाख शिवले. त्यांत दरबारांतील स्त्रिया होत्या, तशाच रंगभूमीवरील नर्तकीही होत्या. त्या बाहुल्या चिमट्यांच्या नव्हत्या, पण चेहरे सर्वांचे सारखेच होते. ओळख पटत होती ती कपड्यांवरून.

आतां फेल्ट. घोड्याच्या खोगिराखालीं घालतात तो नमदा ज्यानें पाहिला आहे त्यानें फेल्ट पाहिलें आहे. हें विणलेलें कापड नव्हे. लोंकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि रगडणें यांच्या योगानें तंतू एकमेकांत शिरतात, खवले एकमेकांस धरून ठेवतात, आणि मग ते कांहीं केल्या सुटत नाहींत. लोंकरीचा स्वेटर चुकून कढत पाण्यांत धुतला म्हणजे तो आटून घट्ट होतो, तीच ही क्रिया. फेल्टला उभा-आडवा धागा नाहीं. म्हणून कापलेली कड उसवत नाहीं, दुमडून शिवावी लागत नाहीं. चार इंचांच्या बाहुलीला हा केवढा दिलासा! साध्या कापडाचा डगला असता तर त्याच्या दुमडलेल्या कडाच डगल्याहून मोठ्या झाल्या असत्या.

पण याच गुणाच्या पोटीं एक दोष आहे, आणि नवख्यांच्या बहुतेक बाहुल्या तेथेंच बिघडतात. साडेपांच फूट उंचीचा मनुष्य चार इंचांत बसविला म्हणजे प्रत्येक वस्तु सुमारें सोळापट लहान झाली. फेल्टची जाडी मात्र लहान होत नाहीं. एक मिलिमीटर जाडीचें फेल्ट त्या मापानें दीड सेंटिमीटरहून जाड ठरतें, म्हणजे जणूं गादीच. त्याच्या चुण्या घालूं पाहणें म्हणजे गादीला चुण्या घालणें. कमरेशीं डगल्यावर घागरा आला कीं बाई पोट पुढें काढून उभी राहते, ती यामुळें. तेव्हां नियम असा कीं फेल्टवर फेल्ट चढवूं नये. कडेला कड भिडवावी आणि बारीक टांक्यानें जोडावी. आणि घेर हवा असेल तर तो चुणीनें न आणतां काटछाटीनें आणावा.

घागऱ्याचेंच उदाहरण घ्यावें. कागदावर एकाच मध्यबिंदूपासून एक इंच आणि सव्वातीन इंच त्रिज्येचीं दोन वर्तुळें काढून त्यांचा चौथा भाग कापून घ्यावा. हा पंख्याच्या आकाराचा तुकडा गुंडाळला म्हणजे वरचें तोंड चिमट्याच्या अंगाला बरोबर बसतें, खालचा घेर पांच इंचांवर जातो, आणि सव्वादोन इंच लांबीचा घागरा एकाही चुणीवांचून तयार होतो. सतराव्या शतकाच्या आरंभींच्या कामकरी इंग्रज बाईला एवढा घेर पुरे. चौथ्या भागाऐवजीं अर्धें वर्तुळ घेतलें, आणि आंतली त्रिज्या त्याच हिशेबानें अर्धा इंच ठेवली, तर खालचा घेर साडेआठ इंचांवर जातो, आणि तीच बाई मेफ्लॉवरवरून उठून १८५० नंतरच्या क्रिनोलिनच्या दिवाणखान्याकडे चालूं लागते. चार इंचांच्या अंतरावर भरतकाम दिसत नाहीं, बटणें दिसत नाहींत; दिसतो तो बाह्याकार. कंबर कोठें आहे, घेर किती आहे, गळपट्टी खांद्यावर पसरली आहे कीं मानेभोंवतीं उभी आहे, एवढ्या तीन खुणांवरून शतक ओळखूं येतें.

पुरुषाची गोष्ट थोडी निराळी. त्याचे दोन पाय दिसले पाहिजेत, पण फटींत दोन्हीकडून फेल्ट शिरूं शकत नाहीं. म्हणून गुडघ्याखालील मोजे रंगानेंच काढावे. विजारीचें फेल्ट प्रत्येक पायाच्या फक्त बाहेरच्या अंगाला लावावें आणि आंतल्या बाजूस त्याच रंगाचा हात फिरवावा. त्या काळची विजार ढगळ असून गुडघ्याशीं आवळलेली असे. तिच्या आंत कापसाची लहानशी बोटभर वात सारून खालीं दोरा बांधला कीं तो फुगीरपणा येतो. हातांसाठीं तंबाखूचा पाइप साफ करण्याची केसाळ तार उत्तम. ती मानेच्या खांचेंत एक वेढा देऊन दोन्हीकडे सोडावी, म्हणजे डिंकावर तिचा भार पडत नाहीं. डिंक पातळ असूं नये. पातळ डिंक फेल्टमधून झिरपून वर येतो, आणि वाळल्यावर तेथें कडक, काळसर डाग उरतो; तो निघत नाहीं. लांकडाचीही अशीच एक खोड आहे. कोऱ्या लांकडावर शाईचा डोळा काढला तर शाई रेषेरेषेनें पसरते आणि बाहुली रडल्यासारखी दिसते. आधीं रोगणाचा पातळ हात देऊन मग डोळे काढावे. डोळे म्हणजे दोन ठिपके. नाकतोंडाच्या नादीं लागूं नये.

येथपर्यंतचें काम हातांचें. यापुढें रंग निवडण्याची वेळ येते, आणि बहुतेकजण विचार न करतां काळें फेल्ट उचलतात.

प्लिमथच्या वसाहतवाल्यांना काळ्या कपड्यांत गुंडाळलें तें पुढच्या काळांतील चित्रकारांनीं. पक्का काळा रंग तेव्हां महाग पडे. काळा पोशाख प्रतिष्ठेच्या प्रसंगाचा, शेतांत राबण्याचा नव्हे. माणूस वारला म्हणजे त्याच्या मालमत्तेची यादी वसाहतीच्या दप्तरांत नोंदली जाई, आणि त्या याद्या आज वाचावयास मिळतात. वसाहतीचा वडीलधारा विल्यम ब्रूस्टर १६४४ सालीं वारला. त्याच्या यादींत जांभळ्या कापडाचा डगला आहे, निळा पोशाख आहे, हिरवी विजार आहे. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड १६५७ सालीं गेला. त्याच्या मागें लाल वेस्टकोट आणि जांभळा झगा राहिला. तेव्हां पेटींतील विटकरी, तपकिरी, निळें, हिरवें, जांभळें असें फेल्ट बेलाशक काढावें. तें त्या कपड्यांना शोभतेंही. कारण त्या वेळची बनात विणल्यावर पाण्यांत कुटून, आटवून इतकी दाट करीत कीं तिचा पृष्ठभाग फेल्टासारखाच होई. मात्र गळपट्टी, एप्रन आणि बायकांची डोक्याला चिकटून बसणारी पांढरी टोपी हीं लिननचीं असत. तेथें पांढरें फेल्ट वापरलें तर मानेवर उशी ठेवल्यासारखें दिसतें. जुन्या रुमालाचा झिरझिरीत तुकडा खळ देऊन, इस्तरी करून घ्यावा. आणखी एक बारकावा : सहासात वर्षांपर्यंतच्या मुलग्यांनाही तेव्हां मुलींसारखा पायघोळ झगा घालीत. चिमटा कापून केलेल्या लहान बाहुलीला विजार शिवण्याचे कष्ट इतिहासानेंच वांचविले आहेत.

बकलाविषयीं तर बोलावयासच नको. १६२० च्या सुमारास बूट बंदानें बांधीत. बुटांवर बकलें आलीं तीं त्या शतकाच्या उत्तरार्धांत. हॅटवरचें बकल म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील चित्रकारांनीं पिल्ग्रिमांना दिलेली भेट. सोनेरी कागदाचा तो चौकोन चिकटविण्यांत मुलांना अतिशय आनंद होतो हें खरें. तो काढून घेणें जिवावर येतें, पण काढावाच.

त्याच्या बदलीं हॅट खऱ्या रीतीनें करण्याचा आनंद मुलांस देतां येतो. लोंकरीच्या फेल्टचें पावणेदोन इंच व्यासाचें वर्तुळ कोमट पाण्यांत भिजवून अर्धा इंच जाडीच्या लांकडी दांडीच्या सपाट टोंकावर ताणावें, बुडाशीं दोरा आवळून बांधावा आणि दिवसभर वाळूं द्यावें. मग कांठ गोल कापावा. दुकानांतील स्वस्त कृत्रिम धाग्याच्या फेल्टला हा आकार धरतां येत नाहीं, कारण त्याच्या तंतूंना खवलेच नाहींत. हॅटवाले कारागीर हेंच काम मोठ्या ठोकळ्यांवर करीत. अर्थात् बाहुलीच्या अंगावर फेल्ट बनातीचें सोंग घेतें, पण डोक्यावर तें कोणाचेंही सोंग नव्हे. चांगली हॅट तेव्हां फेल्टचीच असे, आणि उत्तम फेल्ट होई तें बीव्हर या जलचर प्राण्याच्या मऊ आंतल्या लवेचें. प्लिमथच्या वसाहतीनें लंडनच्या सावकारांचें देणें फेडलें तें मुख्यतः बीव्हरच्या कातड्यांवर, आणि तीं कातडीं मिळत तद्देशीयांबरोबरच्या व्यापारांतून. पिल्ग्रिम बाहुल्याच्या डोक्यावरील हॅटचा धागा असा थेट शेजारच्या बाहुल्यापर्यंत जाऊन पोंचतो.

तो शेजारचा बाहुला हाच या संचांतील सर्वांत मोठा घोटाळा. पाठीवर रुळणारा पिसांचा मुकुट हा पश्चिमेकडील मैदानी प्रदेशांतील लकोटा वगैरे लोकांचा मान. तो प्लिमथपासून हजाराहून अधिक मैल दूरचा. प्लिमथच्या परिसरांत होते ते वाम्पानोआग. त्यांचे पुरुष हरणाच्या कातड्याचा लंगोट लावीत, थंडींत पायांवर कातड्याच्या नळ्या चढवीत, अंगावर कातड्याची शाल घेत, पायांत मऊ मोकासिन घालीत. प्रसंगीं चेहरे काळ्या, लाल, पिंवळ्या रंगांनीं रंगवीत. आणि गंमत अशी कीं फेल्ट या पोशाखाला इंग्रजांच्या पोशाखाहूनही अधिक मानवतें. कातड्यालाही उभा-आडवा धागा नाहीं, त्याचीही कड उसवत नाहीं. बदामी रंगाच्या फेल्टचा एक लांबट तुकडा, एका खांद्यावरून घेऊन दुसऱ्या काखेखालून काढलेला, एवढ्यानें काम भागतें. ना शिवण, ना काटछाट. जी बाहुली सर्वांत सोपी आणि सर्वांत खरी होण्यासारखी, तीच नेमकी सर्वांत खोटी करून ठेवलेली आहे.

मेजवानीचा समकालीन तपशील आहे तरी किती? एडवर्ड विन्स्लो यानें डिसेंबर १६२१ मध्यें लिहिलेल्या पत्रांतील एक परिच्छेद. त्यांत वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारें ९० माणसांसह आला, तीन दिवस राहिला, आणि त्याच्या लोकांनीं पांच हरणें मारून आणलीं, असें म्हटलें आहे. इंग्रज तेव्हां उरले होते किती? पहिल्या हिवाळ्यांत आलेल्यांपैकीं जवळजवळ निम्मे मेले. राहिले पन्नासच्या आसपास. विवाहित स्त्रियांपैकीं त्या शरद् ऋतूंत जिवंत होत्या फक्त चार. दहा माणसांमागें एक चिमटा धरला तर मेजावर नऊ चिमटे वाम्पानोआगांचे आणि पांच इंग्रजांचे उभे करावे लागतील. आणि त्या चौघीं विवाहित बायकांच्या वाट्याला मिळून अर्धा चिमटासुद्धां येणार नाहीं. नेहमींच्या संचांत चार पिल्ग्रिम जोडपीं आणि कोपऱ्यांत एक तद्देशीय असतो. सुई हातीं धरण्यापूर्वीं चिमटे मोजले असते तरी चित्र पालटलें असतें.

याहून कठीण हिशेब त्या जागेचा आहे. जेथें प्लिमथ वसलें तेथें पूर्वीं पाटुक्सेट नांवाचें वाम्पानोआगांचें गांव होतें. १६१६ ते १६१९ या वर्षांत किनाऱ्यावर आलेल्या सांथीनें तें ओस पाडलें. इंग्रजांनीं घरें बांधलीं तीं त्या ओसाड शेतांवर. १६२१ च्या तहानें कांहीं काळ सलोखा राहिला. पण १६७५ सालीं मॅसासॉइटचाच मुलगा मेटाकॉम याच्याशीं इंग्रजांचें युद्ध जुंपलें, आणि पुढच्या वर्षीं त्याचें शिर प्लिमथ येथें खांबावर चढविलें गेलें. १८६३ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं थँक्सगिव्हिंगचा राष्ट्रीय दिवस जाहीर केला, त्या जाहीरनाम्यांत पिल्ग्रिमांचें नांवही नाहीं. सण आणि ती मेजवानी यांची गांठ जनमनांत पक्की बसली ती त्या शतकाच्या शेवटीं आणि पुढच्या शतकाच्या आरंभीं, मुख्यतः शाळांतून. म्हणजे अशाच बाहुल्यांनीं, अशाच कागदी हॅटांनीं. वाम्पानोआग लोक आजही मॅसॅच्युसेट्समध्यें आहेत, आणि त्यांच्या अक्विना व मॅशपी या जमातींना संयुक्त सरकारची मान्यता अनुक्रमें १९८७ आणि २००७ सालीं मिळाली. १९७० पासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशीं प्लिमथच्या टेकडीवर तद्देशीय लोक जमून तो शोकदिन म्हणून पाळतात. १९४७ सालीं तेथें स्थापन झालेलें संग्रहालय प्लिमथ प्लँटेशन या नांवानें चाले; २०२० सालीं त्यानें पाटुक्सेट हें नांव आपल्या नांवांत जोडून घेतलें.

इतकें ओझें चार इंचांच्या लांकडानें वाहावें कीं नाहीं असें कोणी म्हणेल. पण तें ओझें तो चिमटा वाहतोच आहे. बकल आणि पिसें लावलीं तरीही. दिवाळींतील मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारीं बंदुकीचा गणवेषधारी शिपाई उभा केलेला पाहून घरांतील वडील माणसें हंसतात, आणि एखादा आजोबा नातवाला जवळ बोलावून तो शिपाई हळूच उचलून ठेवतो. येथेंही तितकेंच करावयाचें आहे.

संच पुरा झाल्यावर लोंकरीच्या फेल्टला कसर लागते हें विसरूं नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून बाहुल्या पेटींत ठेवाव्या. मांडतांना मॅसासॉइट आणि त्याचीं माणसें मध्यें असावीं, पांच हरणें त्यांच्या बाजूस असावीं. त्या चौघी बायका हव्या असल्या तर त्यांना प्रमाणाबाहेर जागा दिली तरी कोणी रागावणार नाहीं. एवढ्या माणसांच्या तीन दिवसांच्या रांधण्याचा बराचसा भार त्यांच्यावरच पडला असणार. आणि त्यांच्यामागें धुणें वाळत घातलेलें दाखवावयाचें झालेंच, तर दोरी बांधूं नये. एक हिरवें झुडूप ठेवावें, आणि त्यावर पांढऱ्या कापडाचे दोन लहान तुकडे पसरावे.